ओंडक्याच्या तीन दिशा

अनंतराव सोवनींना ज्याबद्दल शंका नाही, असा विषय कर्वेनगरच्या त्या कचेरीत अजून सापडला नव्हता. निवृत्तीनंतर ते नीरजाच्या छोट्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये पदार्थांचे गुणधर्म भरून देत. आकडा सांगताना "बहुतेक" म्हणत, आणि तो बरोबर निघे. त्यामुळे आकडा घ्यायचा आणि "बहुतेक" सोडून द्यायचं, अशी नीरजाला सवय लागली होती.

या खेपेचं काम लाकडाचं होतं. मुळशीकडचे संभाजी ढमाले ढोलक्यांसाठी शिसवाचे ओंडके भट्टीत वाळवत. भट्टी किती तापवली तर ओंडके न तडकता वाळतील, एवढंच त्यांना हवं होतं. लाकडात ओलावा तंतूंच्या दिशेने भराभर सरकतो, आडवा मात्र रेंगाळतो. म्हणून ओलावा किती वेगाने सरकतो तो आकडा, म्हणजे विसरणांक, सॉफ्टवेअरला एकच देऊन भागत नाही; तिन्ही दिशांचे वेगळे द्यावे लागतात. अनंतरावांनी तीन आकडे भरले. उत्तर आलं, भट्टी खुशाल कडक तापवा. संभाजी खूश झाले आणि सकाळी पेटवतो म्हणाले. त्यांचा वर्षभराचा माल त्या भट्टीत रचलेला होता.

संध्याकाळी अनंतरावांनी पडद्यावरचं चित्र पुन्हा पाहिलं. ओंडका उभा होता. त्यांनी आकडे भरले होते ते आडव्या ओंडक्याचे; तंतूंच्या दिशेचा आकडा भलत्याच दिशेला गेला होता. टिंबर मार्केटात त्यांनी जन्मभर ओंडके आडवेच पाहिले होते.

"मला जरा शंका आहे," ते नीरजाला म्हणाले.

"काका, सकाळी तुम्हाला वाराबद्दलही होती. कॅलेंडर दाखवल्यावर गेली."

ते जागेवर जाऊन बसले. मग परत उठून आले.

"नीरजा, हे चूक आहे."

तिने थोडी वाट पाहिली. पुढे "बहुतेक" आलं नाही. तिने निमूटपणे संभाजींना फोन लावून अनंतरावांच्या हातात दिला.

सगळं ऐकून संभाजींनी विचारलं, "आधीचं उत्तर कुणी काढलेलं?"

"मीच."

"आन् ते चूक हाय म्हणतंय कोण?"

"तेही मीच."

"मग साहेब, तुमच्यातल्या कुणाचं ऐकू?"

अनंतरावांना हा प्रश्न रास्त वाटला.

"ओंडका आधी कुठे वाळतो, कुठे तडकतो?"

"टोकाला. हे काय विचारणं झालं?"

"आमच्या चित्रात टोकं सगळ्यात शेवटी वाळतायत."

 पलीकडे, सकाळी भट्टी पेटवू नका, असं संभाजी कोणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं.

अनंतरावांनी दिशा बदलून आकडे पुन्हा भरले. उत्तर आलं, आच मंद ठेवा, घाई करू नका.

"आता बरोबर आहे ना?" नीरजाने विचारलं.

"बहुतेक."

नीरजाचा जीव भांड्यात पडला. तिने उत्तर संभाजींना पाठवून दिलं.