बांधाला दे

आमच्या गडब गावात फुटबॉल कधी बाहेर जात नाही. भात कापून झालं की रिकाम्या खाचरात आम्ही खेळतो, आणि खाचराला चारी बाजूंनी बांध असतो. बॉल बांधाला आपटतो, परत आत येतो, खेळ पुढे चालू. थ्रो नाही, कॉर्नर नाही, आमचा की तुमचा म्हणून एकमेकांच्या कॉलरी धरणं नाही. फक्त बॉल उचलून मारायचा नाही. तो बांधावरून शेजारच्या वालात गेला की शेजारी आपल्या सात पिढ्या काढतो. मी याच खाचरात शिकलो आणि गेल्या दिवाळीनंतर चौदा पोरांना इथेच शिकवायला घेतलं. त्यात पाच मुली आहेत.

मी गणेश. वय चौतीस, पण डावा गुडघा साठीचा. मुंबईत तिसऱ्या डिव्हिजनला नऊ वर्षं लेफ्ट बॅक खेळलो. पेपरात नाव एकदाच आलं, तेही चुकीचं. मग रोह्याला कंपनीत लागलो, लग्न झालं, आणि पेणच्या एका क्लबातून खेळायला लागलो. गेल्या सीझनच्या अकरा मॅचमध्ये मिळून मला चाळीस मिनिटं मिळाली. माझी बायको सुरभी म्हणायची, बेंचवर बसून येतोस तू आणि गुडघ्याला बर्फ लावायचा मी. तिचं खरं होतं म्हणून मला जास्त राग यायचा. राग मला पटकन येतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तर गोष्ट जानेवारीतल्या एका रविवारची. त्या दिवशी माझ्या बॅगेत दोन फॉर्म होते. एक पेणच्या क्लबाचा, खेळाडू म्हणून आणखी एक सीझन. दुसरा रोह्याच्या मुलांच्या लीगचा, कोच म्हणून. ती लीग कमळाकर सर चालवतात, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. त्यांचा नियम असा की जो स्वतः कुठल्या क्लबातून खेळतो त्याला पोरांची टीम द्यायची नाही. कारण विचारलं तर म्हणाले, दोन्हीकडे पाय असला की माणूस आपल्या मॅचला जातो आणि पोरं वाट बघत बसतात. त्या रविवारी पोरं कशी आहेत ते बघायला त्यांनी एक मैत्रीची मॅच ठेवली होती. मॅच संपल्यावर, सर घरी जायच्या आत, मी त्यांच्या फॉर्मवर सही करायची होती. नाही केली तर माझी पोरं या वर्षी लीगमध्ये नाहीत.

खरं सांगू? मनातून मी पेणचाच फॉर्म भरून ठेवला होता. पोरं पुढच्या वर्षी खेळतील, अजून लहान आहेत, मला मात्र हा शेवटचा सीझन, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खेळणं सोडलं की मी कोण, हेच मला कळत नव्हतं. कंपनीत माझ्यासारखे शंभर जण आहेत. गावात मला जे काही नाव होतं ते मुंबईला खेळणारा गणेश म्हणून होतं, आणि ते सोडायची मला भीती वाटत होती.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. बाबा म्हणजे दिनानाथ, आयुष्यभर भात आणि वाल. आमची दोन खाचरं शेजारी शेजारी आहेत. भातानंतर दोन्हींत वाल पेरायचा, हे त्यांच्या बापापासूनचं. त्यातलं एक पोरांसाठी रिकामं ठेवा म्हटलं तेव्हा ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, एकच साल. इतक्या वर्षांत त्यांनी माझी एकही मॅच बघितली नव्हती. त्यांना सवड नव्हती, आणि मीही कधी बोलावलं नव्हतं.

त्या रविवारीही ते मॅचसाठी आले नव्हते. रोह्याला रंभाआत्या राहते, तिला नवे तांदूळ पोचवायचे होते आणि टेम्पो आयता जात होता. पुढे ड्रायव्हरजवळ आम्ही दोघं, मागे चौदा पोरं आणि तांदळाचं पोतं. वाटेतल्या निडी गावापर्यंत पोरांनी गाणी म्हणून डोकं उठवलं. रोहा जवळ आलं तशी एकेक गप्प झाली.

मैदान मोठं होतं, सपाट, आणि कडेने चुन्याची ताजी रेघ मारलेली. नमिताने वाकून त्या रेघेला हात लावून बघितला. नमिता माझी सगळ्यात चांगली खेळाडू. तेरा वर्षांची, बापाची हायवेला वडापावची गाडी आहे. तिच्या पायात बॉल आला की तो दुसऱ्याने काढून घेणं अवघड, हे मी नऊ वर्षं बॅक खेळलेला माणूस सांगतोय. बाबा पोतं घेऊन आत्याकडे गेले आणि मॅच सुरू झाली.

तिसऱ्याच मिनिटाला नमिता बॉल घेऊन उजव्या कडेने निघाली. समोर रोह्याचा एक उंच पोरगा आडवा आला. ती रोज खाचरात करते तेच तिने केलं. बॉल बाजूला, तिथे बांध असल्यासारखा, मारला आणि त्या पोराला वळसा घालून पुढे पळाली, परत आलेला बॉल घ्यायला. पण बॉल परत येईना. तो हळूहळू रेघेबाहेर गेला आणि कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकाला जाऊन टेकला. नमिता चार पावलं पुढे, रिकाम्या जागेकडे बघत उभी.

लोक हसले. पाच मिनिटांनी तिने पुन्हा तेच केलं. मग डावीकडून दुसऱ्या पोराने. नियम त्यांना माहीत नव्हते असं नाही, टीव्हीवर मॅच बघून सगळे नियम पाठ होते. पण ते डोक्याला. पायांना रोज संध्याकाळी बांधाची सवय लागलेली, आणि घाईच्या वेळी पाय डोक्याला विचारत नाहीत. हाफटाइमपर्यंत आम्ही बॉल सतरा वेळा असा बाहेर घातला आणि तीन गोल खाल्ले. बघणाऱ्यांतला एक जण तर दर वेळी टाळ्या वाजवायला लागला.

माझं डोकं फिरलं. डोळे फुटले का, रेघ दिसत नाही का, घरी जाऊन गोट्या खेळा, काय वाट्टेल ते मी ओरडत होतो. रेफरी माझ्या निम्म्या वयाचा. तो जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, काका, आणखी एकदा ओरडलात तर बाहेर बसावं लागेल. काका म्हणाला मला. मी बॅगेकडे बघितलं आणि ठरवून टाकलं की पेणचा फॉर्म.

हाफटाइमला पोरं माझ्यापासून दहा हात लांबच बसली. नमिताला काढायचं हे मी नक्की केलं होतं. तिला ते कळलंही होतं, कारण ती न सांगता बुटाच्या नाड्या सोडत होती. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. आत्याकडे चहा घेऊन ते कधीचे येऊन उभे राहिले होते.

"पोरं बरोबरच मारतायत," बाबा म्हणाले. "हितं बांधच नाय."

तुम्हाला काय कळतंय यातलं, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते बाहेर पडायच्या आत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेले दोन महिने खाचरात उभा राहून "बांधाला दे, बांधाला दे" म्हणून ओरडत कोण होतं? मीच. एक साधी रेघ मारून ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

आणि मग ती दुसरी गोष्ट आठवली, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. सतरा वर्षांचा असताना मुंबईतल्या माझ्या पहिल्या मॅचला मीही हेच केलं होतं. दोनदा. बाराव्या मिनिटाला कोचने मला बाहेर काढलं आणि एक शब्द न बोलता पाठ फिरवली. पुढे अख्खा सीझन मी पाण्याच्या बाटल्या भरल्या. घरी आलो तेव्हा लाज वाटली म्हणून सांगितलं की पाय मुरगळला, म्हणून बाहेर आलो. बाबांनी आठ दिवस रोज माझ्या चांगल्या पायाला कोमट तेल चोळलं होतं. सतरा वर्षांनी त्या मैदानावर मला त्याची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

मी पोरांजवळ जाऊन बसलो. गुडघा कुरकुरला. नमिताला म्हटलं, नाड्या बांध, तू खेळणार आहेस. मग सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, तुमची एकाचीही नाही. माझ्या तोंडून त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे एक दोघं घाबरलीच.

आमच्यात एक सखा आहे. बारा वर्षांचा, गुटगुटीत, पळण्यात शेवटचा. टीम पाडताना उरतो तो सखा. अर्ध्या मॅचमध्ये त्याच्या पायाला बॉल दोनदा लागला होता, त्यातला एकदा चुकून. मी त्याला जवळ बोलावलं.

"सखा, तू बांध."

त्याला समजेना. मी सांगितलं, तिकडे उजव्या रेघेवर उभा राहा. नमिता तुझ्यावर बॉल मारेल. अडवायचा नाही, धरून ठेवायचा नाही, बांध देतो तसा लगेच पुढे द्यायचा. बस.

"पळायचं नाय?" सखाने विचारलं.

बांध कधी पळतो का, मी म्हटलं. सखाच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

पहिल्यांदा बॉल आला तेव्हा सखा दचकला आणि तो बाहेरच गेला. दुसऱ्यांदा मात्र नमिताने मारला, सखाने पाय लावला, आणि त्या उंच पोराच्या मागे बॉल अचूक तिच्या पुढ्यात आला. उंच पोरगा जागच्या जागी गिरकी घेत राहिला. तिथून तिने आत पास दिला आणि गोल. आमची पोरं बॉल उचलत नाहीत, वालाच्या भीतीने सगळे पास जमिनीवरून देतात, आणि रोहेकरांना ते लवकर उमगेना. मी ओरडलो नाही. गरजच नव्हती. पोरंच एकमेकांना "बांधाला दे" म्हणून सांगत होती.

सखाला हळूहळू चव लागली. एकेक पाऊल करत तो रेघेवरून पुढे सरकायला लागला, तो थेट त्यांच्या गोलाजवळ. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते पोट धरून हसायला लागले. हा बांध सरकतोय रे, म्हणाले, शेजारी कोर्टात जाईल. आमच्याकडे बांध सरकवण्यावरून भावाभावांची तोंडं बंद होतात. त्यावर बाबांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्याच सरकलेल्या बांधावरून दुसरा गोल झाला.

मॅच आम्ही तीन-दोनने हरलो. पोरं मात्र जिंकल्यासारखी बोंबलत होती आणि टाळ्या वाजवणारा तो माणूस आता सखाच्या पाठीवर थापा मारत होता. कमळाकर सर पेन काढून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी बॅगेतून दोन्ही फॉर्म काढले.  सतरा वर्षं जे करत आलो ते एका सहीने संपणार होतं. तेवढ्यात सखा पळत आला, चक्क पळत.

"दादा, पुढच्या मॅचला पण मीच बांध ना?"

हो म्हणालो. आणि हो म्हटल्यावर मग सही न करून कसं चालेल? मी रोह्याच्या फॉर्मवर सही केली आणि पेणचा फाडला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मग लक्षात आलं की अर्धा तास मी रेघेबाहेर उभा होतो आणि आत जाऊन खेळावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून परत आलो तर बाबा खाचरात होते. हातात दोरी, बाजूला घमेल्यात चुना. बांधापासून आत त्यांनी खुंटी ठोकली होती.

"सखाला उभं राह्यला किती जागा लागंल?" त्यांनी विचारलं.

चार पावलं पुरे, मी म्हटलं. ते म्हणाले, मग खेळायला जागा कमी पडंल. जास्त मागायची सोय नव्हती, कारण त्यांची कबुली एकाच सालाची होती. बाबांनी शेजारच्या खाचराकडे, त्यातल्या फुललेल्या वालाकडे बघितलं. पुढल्या साली दोन्ही रिकामी ठेवू, म्हणाले. मधला बांध मी काढीन, पण मे महिन्यात परत घालायचा तू, पाऊस लागायच्या आत.

मे महिन्यात पेणच्या क्लबाचा सराव सुरू होतो, म्हणजे त्यांचा पुढचा सीझनही माझा नव्हता. मी हो म्हटलं आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.