तोच आकडा

आमच्या कारखान्यात दोन सेफ्टी कंट्रोलर आहेत, एक बॉयलरचा आणि एक टाक्यांचा. काही बिघडलं की सगळं बंद पाडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी ते दिवसभर एकमेकांना "ठीक आहे" असा निरोप धाडत बसतात. बाबा आणि मीही तेच करतो. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात, माझ्याकडे यायचं नाव काढत नाहीत. म्हणून दुपारी मी फोन करते.

"बरे आहात?"

"ठणठणीत."

"जेवलात?"

"दोन घास जास्तच."

झालं. फोन ठेवते.

आज टाक्यांच्या कंट्रोलरने कारखाना बंद पाडला आणि साहेब तणतणत कंट्रोल रूममध्ये आले.

"बॉयलरवाला 'ठीक आहे' म्हणतोय की नाही?"

"म्हणतोय."

"मग ह्या शहाण्याला काय धाड भरली?"

साहेबांना यंत्रांवर ओरडायची भारी हौस. यंत्रं उलट बोलत नाहीत ना! मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"निरोपाबरोबर आकडा जातो, साहेब. दर वेळी पुढचा. इथे मघापासून तोच येतोय. बॉयलरवाला केव्हाच अडकलाय, दोघांमध्ये निरोप पोचवणारी पेटी त्याचा जुना निरोप पुन्हा पुन्हा पाठवतेय."

"अरे हो की," साहेब नरमले आणि माणसं घेऊन बॉयलरकडे गेले.

मी तिथेच बसून राहिले. ठणठणीत. दोन घास जास्तच. बाबांनी याहून वेगळं काही कधी सांगितलं होतं, ते आठवेना. फोन लावला. "बरे आहात?" अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"बाबा, खिडकीतून बाहेर बघून सांगा, समोर काय दिसतंय?"



"खिडकीपर्यंत गेलोच नाही गं, बरेच दिवस. बाथरूममध्ये पडलो होतो. डावा पाय टेकवत नाही. शेजारीण डबा आणून देते, चाललंय."

"आणि मला रोज ठणठणीत!" मी ओरडलेच.

"तू तेच विचारायचीस, मी तेच सांगायचो."

रडू आलं, रागही आला, आणि त्यातला जास्त माझा मलाच.

"निघालेच मी."

"अगं, ड्यूटी?"

"कारखाना बंद आहे. साहेबांना सांगते."

"मग ये," बाबा म्हणाले. "फक्त दार उघडायला वेळ लागेल मला. बेल वाजवून परत जाऊ नकोस."