सातव्या गावचा लांडगा

“अगं बाई, ही तर नाओ!”

प्रज्ञा एवढ्या मोठ्यानं बोलली की काचेच्या केबिनपाशी फोनसाठी थांबलेला माणूस वळून बघायला लागला. संगणकापुढे बसलेली पाओलाही दचकली. पडद्यावर एक चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उतरत होतं. आधी बर्फाचे डोंगर आले, मग एका मुलीचे उडणारे केस, मग तिच्या हातातला निळा दिवा. खालचा भाग अजून यायचा होता. पण तिथं लांडगा असणार, हे प्रज्ञाला चित्र उतरायच्या आधीच माहीत होतं.

पाओला इटलीहून साईबाबांच्या दर्शनाला आली होती. चार दिवस झाले, रोज सकाळी ती आबासाहेबांच्या एसटीडी बूथवर ई-मेल बघायला यायची. शिर्डीत परदेशी भक्तांचं येणंजाणं वाढलं म्हणून आबासाहेबांनी याच वर्षी, नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, संगणक आणि इंटरनेट घेतलं होतं. लोकांना फोन लावून द्यायचे आणि संगणक सांभाळायचा, दोन्ही कामं प्रज्ञाकडेच होती. ती बावीस वर्षांची होती, बी. ए. झालेली होती आणि इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास होती. कोल्हारहून सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं परत जायची.

“तुला माहीत आहे ही?” पाओलानं इंग्रजीत विचारलं.

“लहानपणी टीव्हीवर बघायचो. मी आणि माझा भाऊ.” प्रज्ञा अडखळत म्हणाली. “आमच्याकडं हिंदीत लागायची. ‘नीलदीप’ म्हणायचे. लांडग्याचं नाव भूरा.”

पाओला खुर्चीतून उठलीच. तिनं प्रज्ञाचे दोन्ही हात धरले. ही जपानी मालिका तिनं पंधराव्या वर्षी बघितली होती, आणि आज तिला पस्तिसावं लागलं होतं. ज्या पानावर हे चित्र होतं तिथं जगभरातले लोक अजून त्या मालिकेविषयी बोलत होते. दुसऱ्या दिवशी पाओला पुढच्या गावाला गेली. जाताना त्या पानाचा पत्ता एका प्रसादाच्या पाकिटावर लिहून देऊन गेली.

आबासाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, “मोकळं आसंल तवा बघ की. फक्त फोनवाल्याला ताटकळत ठिवू नको.”

दुपारी आरतीच्या वेळी बूथ रिकामा असायचा. प्रज्ञा तेव्हा वाचायला बसायची. मनिलाची एक नर्स होती, ती रोज काहीतरी लिहायची. ब्राझीलचा एक शिक्षक होता, त्याला प्रत्येक भागाचा क्रमांक पाठ होता. हिवाळ्याच्या राजानं सात गावांचे दिवे चोरले. नाओ नावाची मुलगी एकटीच ते पेटवायला निघाली. राजाच्याच कळपातला एक लांडगा पळून येऊन तिच्या सोबत चालू लागला. एवढीशी गोष्ट, पण ही मोठी माणसं तिच्यावर भावकीत भांडावं तशी भांडत होती.

वाचता वाचता प्रज्ञाला राहीबाईंचं घर दिसायचं. त्यांच्या आळीत टीव्ही तेवढ्या एका घरी होता, काळापांढरा. एक्क्याण्णव साली दर रविवारी सकाळी ती आणि सम्राट भिंतीला पाठ लावून बसायचे. ती चौदा वर्षांची होती, सम्राट अठरा. बारावीतला मुलगा कार्टून बघतो म्हणून मित्र चिडवायचे, तेव्हा तो म्हणायचा, “मी कुठं बघतो? हिला सोबत म्हनून येतो.” आणि वहीच्या मागच्या पानांवर लांडगे काढत बसायचा. वडील पुंजाराम आधी कुरकुरायचे. एकदा ते दारात उभे असताना पडद्यावर बर्फात अर्धी बुडालेली बुद्धाची मूर्ती दिसली. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन पूर्ण भाग बघितला आणि घरी आईला म्हणाले, “बघू दे पोरांना. जपान बी बुद्धाला मानणारा मुलूख हाय.”

पंच्याण्णव साली वडील गेले. सम्राटनं कॉलेज सोडलं आणि सुरतला कापडाच्या लूमवर कामाला गेला. तू शिक, मी हाय ना, एवढंच तो म्हणाला होता. चार वर्षांत तो तीनदा आला. लग्नही तिकडच्याच एका मुलीशी झालं.

बुधवारी प्रज्ञानं पहिल्यांदा त्या पानावर लिहिलं. लोक मालिकेच्या शेवटावर बोलत होते. भूरा सातव्या गावच्या वेशीवरून मागं फिरतो, कारण ऊब त्याला सोसत नाही. नाओ हाका मारत राहते आणि तो बर्फात दिसेनासा होतो, तो कायमचाच. हे बरोबर की चूक, यावर वाद चालला होता. प्रज्ञाला काही कळेना. तिनं लिहिलं, ‘पण वसंतात भूरा परत येतो. नदी पोहून येतो, नाओच्या ओट्यावर बसतो आणि नाओची आई त्याला तांदळाची भाकरी देते. माझ्या भावानं तो भाग बघितला आहे.’

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली होती. मनिलाच्या नर्सनं लिहिलं होतं, असा भाग नाही. ब्राझीलच्या शिक्षकानंही तेच लिहिलं होतं. आणि खाली इंदूरच्या कोणा विद्यार्थ्याचं उत्तर होतं: ‘भारतात मालिका पंचविसाव्या भागावरच थांबली. शेवटचा भाग लागलाच नाही. त्या रविवारी मी दोन तास टीव्हीसमोर बसून होतो. भलताच कार्यक्रम लागला.’

प्रज्ञानं ते तीनदा वाचलं.

त्या रविवारी कोल्हारची लाईट गेलेली होती. डीपी जळाला होता. प्रज्ञा सकाळपासून रडत होती. शेवटी सम्राट म्हणाला, “थांब. बाभळेश्वरला लाईट हाय. मी बघून येतो आन् तुला जसंच्या तसं सांगतो.” तो सायकल घेऊन गेला. दुपार कलल्यावर आला, पंक्चर सायकल ढकलत. मग तिला प्रवरेच्या घाटावर नेलं आणि पाण्याकडं बघत सगळा भाग सांगितला. भूरा नदीत कसा उतरला, धार त्याला कशी ओढत होती, ओट्यावर आल्यावर त्याच्या अंगातून पाणी कसं निथळत होतं. ती म्हणाली होती, “जपानात भाकरी असती व्हय?” तो जरासा थांबला होता. मग म्हणाला होता, “तांदळाची असती.”

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं आईला विचारलं. बनुबाई चुलीपुढं बसल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, म्हणून धुराकडं पाठ करून त्या पीठ मळत होत्या.

“आई, दादा बाभळेश्वरला टीव्ही बघायला गेल्ता, आठवतंय? माझ्यासाठी?”

“त्या लांडग्याचं? आठवतंय की.” बनुबाईंनी परात सरकवली. “लागलंच न्हवतं ते. सायकल आत घेताना मला म्हनला, आई, लागलंच न्हाई गं, आता तिला काय सांगू? म्या म्हनलं, सांग कायतरी. पोर सकाळधरनं जेवली न्हाई.”

“मग इतक्या वर्षांत मला सांगितलं न्हाईस?”

“तू कधी इचारलंस?”

प्रज्ञा उंबऱ्यावर बसली. आठ वर्षं ती त्या लांडग्याला नदी ओलांडताना बघत आली होती. वडील गेले त्या आठवड्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, सम्राटची गाडी सुटली तेव्हा. तो भाग फक्त तिच्यासाठी होता. जगात दुसऱ्या कुणी तो बघितलाच नव्हता.

शुक्रवारी अकरा वाजता तिनं सुरतचा नंबर लावला. सम्राटच्या खोलीखाली किराणा दुकान होतं, तिथला. दुकानदारानं हाक मारली. मागं यंत्रांची एकसारखी खडखड ऐकू येत होती.

“प्रज्ञे? काय झालं? आई बरी हाय ना?”

“बरी हाय. दादा, घाबरू नको. सहज केला.”

“सहज? रविवार सोडून शुक्रवारी?”

“दादा, तुला नीलदीप आठवतंय का? भूरा?”

“कोन?”

“लांडगा. आपुन राहीबाईंकडं बघायचो ते. शेवटचा भाग तू मला घाटावर सांगितला हुता. तू तो मनानं रचला हुतास ना?”

मग तो म्हणाला, “कार्टून हुतं ते व्हय? आसंल. मला न्हाई गं काय आठवत.”

“भूरा नदी पोहून येतो. नाओची आई त्याला भाकरी देती.”

“मी सांगितलं आसं?” तो हसला. हसणं थकलेलं होतं, पण त्याचंच होतं. “पंक्चर झाल्ती, ते आठवतंय. मागलं चाक हातानं उचलून ढकलत आनलं, टायर फाटू नये म्हनून. आन् तू रडत हुतीस. डोळं सुजवून घेतलं हुतं नुसतं. येवढं आठवतंय.”

प्रज्ञानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“का गं? आज का इचारतीस?”

“काय न्हाई. इथं काही लोकांना ती गोष्ट पायजे.”

“कोनत्या लोकांना?”

“लांबचे हायेत.”

“दे की मग सांगून. जेवली का तू? बरं, ऐक, माझी पाळी सुरू व्हतीय. आईला औषध येळेवर घालाय सांग.” आणि फोन बंद झाला.

दुपारची आरती सुरू होईपर्यंत ती लोकांना फोन लावून देत राहिली. मग तिनं संगणक जोडला आणि टाईप करायला घेतलं. चार दुपारी लागल्या. इंग्रजी शब्द अडला की जुनी डिक्शनरी उघडायची. ‘निथळणं’ला शब्द सापडेना, तेव्हा तिनं लिहिलं, पाणी त्याला सोडायला तयार नव्हतं. नदीचं वर्णन लिहिताना तिच्या लक्षात आलं की ही जपानची नदी नाहीच. घाटाच्या पायऱ्या, मधला खडक, पलीकडच्या काठावरच्या बाभळी, सगळं सम्राटनं समोर बघून सांगितलं होतं. तिनं काही बदललं नाही. भाकरीही तशीच ठेवली. वर लिहिलं, ‘सव्विसावा भाग. सांगणारा: सम्राट पुंजाराम, कोल्हार.’

मंगळवारी सकाळी ती बूथ उघडून बसली तेव्हा पडद्यावर उत्तरांची रांग लागली होती. ब्राझीलच्या शिक्षकानं लिहिलं होतं, मी वीस वर्षं खऱ्या शेवटाची बाजू घेत आलो, आता मला ठाऊक नाही. पाओलानं कुठल्या तरी गावातून नुसतं ‘धन्यवाद, धन्यवाद’ लिहिलं होतं. मनिलाच्या नर्सनं लिहिलं होतं, की रात्रपाळी संपवून तिनं हे वाचलं आणि घरी जायच्या बसमध्ये रडली. शेवटी तिनं विचारलं होतं, ‘तुझा भाऊ लेखक आहे का? हल्ली काय लिहितो?’

प्रज्ञानं टाईप केलं, तो सुरतला लूमवर काम करतो. वाचून बघितलं. खोटं काही नव्हतं, तरी पुसून टाकलं. मग टाईप केलं, तो लिहीत नाही. तेही पुसलं.

दारात सोलापूरकडचं एक कुटुंब येऊन उभं होतं. दर्शन नीट झाल्याचं त्यांना घरी कळवायचं होतं. म्हातारीनं नंबराची चिठ्ठी पुढं केली. “ताई, लावून देता का?”

“देते, मावशी. एकच मिनिट.”

प्रज्ञानं पुन्हा कळफलकावर बोटं ठेवली आणि एका दमात लिहिलं, ‘भाऊ आत्ता ड्युटीवर आहे. सुटल्यावर विचारते.’

उत्तर पाठवून तिनं लाईन मोकळी केली, फोन पुढं ओढला आणि म्हणाली, “हां मावशी, सांगा नंबर.”