एक हात खिशात

काचेच्या व्हॉल्व्हचा गिटार-अँप्लिफायर उघडायचा तर डावा हात खिशात ठेवायचा, हा आमच्या दुकानाचा पहिला नियम. आत चारशे व्होल्ट असतात. अँप बंद केला, प्लग काढला, तरी मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात. दोन्ही हात आत घातले आणि चुकून दोन ठिकाणी टेकले, तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जाते. म्हणून काम उजव्याने, डावा खिशात. माझ्या एप्रनला खिसा एकच, डावीकडे. आईने शिवला तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आता एकोणचाळीस. आई गेली, एप्रन तीनदा फाटले, पण खिसा तोच उसवून मी नव्यावर लावत आले.

दुकान म्हणजे घराखालची एक खोली. पुढे काउंटर, मागे जिना, मधे मी. खिडकीही होती, पण बाबांनी तिच्यापुढे कपाट आणून ठेवलं. रस्त्याच्या गोंगाटात सूर कळत नाहीत म्हणे. बाबांना सगळे मास्तर म्हणतात. गिटारवाले लांबलांबून त्यांच्याकडे अँप घेऊन येतात, आणि मास्तरांचा पास मिळाल्याशिवाय इथून एकही खोकं हलत नाही, हा दुसरा नियम. पास म्हणजे काय, तर बाबा स्टुलावर बसतात, दुकानातली जुनी गिटार मांडीवर घेतात, एक तार छेडतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

गेली चार वर्षं निकाल एकच. "आवाज कोंडलाय. वरचं खुलव जरा."

आवाज कोंडलेला नसतो. बाबांचे कान कोंडलेत. वरचे सूर त्यांना ऐकूच येत नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला, तर बाबा म्हणाले, "तुमच्या मशीनचा कपॅसिटर गेलाय. दुकानात आणा, करून देतो." जाड आवाजाच्या पुरुषांचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं. त्यामुळे आपले कान ठणठणीत आहेत आणि जग पुटपुटायला लागलंय, अशी त्यांची खात्रीच आहे. जग म्हणजे मुख्यतः मी. माझा आवाज बारीक.

तर ते 'खुलव' म्हणाले की मी व्हॉल्यूमच्या बटणामागे, त्याच्या दोन पायांवर एक छोटा कपॅसिटर डाग देऊन बसवते. शर्टाच्या गुंडीएवढा, तपकिरी. त्यातून नुसते वरचे सूर आडवाटेने पुढे पळतात. आधीच चोख झालेला अँप पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा किंचाळायला लागतो. बाबांचा चेहरा उजळतो. "आता कसं!" म्हणतात, पास देतात आणि जेवायला वर जातात. मग मी अँप पुन्हा उघडते, डावा हात खिशात घालते आणि तो कपॅसिटर कटरने छाटून टाकते. गिऱ्हाईक दुपारी येतं, वाजवतं, खूश होऊन जातं. या वयात मास्तरांचे कान काय तयार आहेत, अशी सगळीकडे वाहवा.

छाटलेले कपॅसिटर मी एका डब्यात टाकते. तो भरला, दुसरा घेतला. पहिला छाटला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, एकदाच तर आहे. ते एकदाच काही संपलं नाही. आता मी चार दिवस अंथरूण धरलं तरी बाबा स्वतः कपॅसिटर बसवतील, किंचाळणारा अँप बाहेर जाईल आणि सगळ्यांना कळेल. सगळ्यांना कळलं की बाबांना कळेल. कानांशिवाय त्यांच्याकडे दुसरं आहे काय? दादा परगावी असतो. फोनवर म्हणतो, "तू आहेस म्हणून बाबा आहेत गं." एवढं म्हटलं की त्याचं कर्तव्य संपतं. मला त्याचा असा राग येतो की रिसीव्हर चावावासा वाटतो.

सोमवारी एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या बाईंचा फोन आला. त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं बोक्याने. बोका म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, गिटार वाजवताना डोळे अर्धे मिटतो म्हणून हे नाव. त्याने एकदा स्वतःचा अँप उघडून छाटलेल्या कपॅसिटरचे मागे उरलेले दोन पाय पाहिले होते आणि काय ते ओळखलं होतं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे चाळीस जुने अँप आहेत, तुमची स्वतंत्र खोली असेल, दोन खिडक्या आहेत. मग म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येईल तसा आवाज करा. मधे कुणी येणार नाही." शनिवारी बारापर्यंत हो की नाही ते हवं होतं. ते वाक्य मी चार दिवस मनात घोळवत होते. मला जायचं होतं, यात काही लपवण्यासारखं नाही.

त्याच चार दिवसांत माझ्या हाती बोक्याचा दुसरा अँप होता. त्याचे खालचे सूर चिखलातून चालल्यासारखे निघायचे. पहिल्या व्हॉल्व्हपुढचा कपॅसिटर काढून लहान घातला, वाळून गेलेले मोठे बदलले, एक थकलेला व्हॉल्व्ह काढला. शनिवारी सकाळी तार छेडली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून ऐकत राहिले. प्रत्येक सूर सुटा, गोल, आणि जोरात छेडला की शेवटाला किंचित खरखर. कुणाच्या पासासाठी नव्हता काढला तो आवाज. माझा होता.

बाबा खाली आले. तार छेडली, डोळे मिटले.

"कोंडलाय."

बसवला कपॅसिटर. काय करणार?

बोक्याला दोन वाजता ये म्हणून बजावलं होतं. पठ्ठ्या साडेअकरालाच काउंटरवर हजर. बाबांनी कौतुकाने गिटार त्याच्या हातात दिली. त्याने वाजवलं आणि माझ्या दाढेतून कळ गेली. बोक्याने अर्धे मिटलेले डोळे पूर्ण मिटले.

"कसा वाटतो?" बाबांनी विचारलं.

बोक्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या त्या ढोलासारख्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखे कान नाहीत कुणाचे."

हे बाबांना अक्षरन्‌अक्षर ऐकू आलं. ते असे फुलले की माझं डोकंच फिरलं. पुरे झालं, आज सांगून टाकायचं.

"बाबा, तुम्हाला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

"काय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही, बाबा."

"पुटपुटू नकोस गं. मोठ्यानं बोल." त्यांनी कानामागे हात धरला.

हळूच, जवळ बसून सांगायची गोष्ट होती ती. पण त्यांना हळूच काही सांगायची सोयच उरली नव्हती. ओरडायला हवं होतं, बोक्यासमोर, दार उघडं असताना, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं. मी छाती भरून श्वास घेतला.

"चहा टाकू का?" मी ओरडले.

"मग विचारतेस काय? टाक की!"

इतक्यात बाबा म्हणाले, "फोन वाजतोय." फोनवर घंटीबरोबर लागणारा लाल दिवा मीच बसवलाय, दोन वर्षांपूर्वी. का बसवला ते सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. "बघ, तुझ्या आधी मला ऐकू आला. एकदा कान तपासून घे स्वतःचे."

बाईंचाच होता. बाबांना ओठ थोडे वाचता येतात, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

"मी येत नाही," मी म्हणाले. बाईंनी कारण विचारलं. "माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, आणि ते त्यांना माहीत नाही. मी गेले तर त्यांना कळेल. मला यायचं होतं हो. फार यायचं होतं."

चार वर्षांत पहिल्यांदा मी हे तोंडाने बोलले, नेहमीच्या आवाजात, आणि बाबा माझ्यापासून तीन हातांवर बसले होते. बोक्याची बोटं तारांवर थांबली. बाबांनी त्याला खूण केली, वाजव की. बाई म्हणाल्या, विचार बदलला तर कळवा. असं सगळेच म्हणतात.

"कोण होतं?" बाबांनी विचारलं.

"राँग नंबर!" मी ओरडून सांगितलं.

बोक्याने गिटार खाली ठेवली. "दोनला येतो, ताई," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडला. बाबा उठले, कठडा धरून जिना चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले आणि वळले.

"काय गं, सकाळपासून तुझ्या तोंडून धड एक शब्द नाही. चहाचं तेवढं विचारलंस. रुसलीस का माझ्यावर?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"बोलत जा जरा माझ्याशी. मला दुसरं कोण आहे बोलायला?"

ते वर गेले. मी अँपचा प्लग काढला, डावा हात खिशात घातला आणि कटर उचललं.