अमिनाबीचे पातेले

मी एक जुने पितळी पातेले आहे. मित्रांनो, माझ्या काठाला पोचा आहे खरा, पण तेवढ्यावरून मला मोडीत काढू नका. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी घडले आणि अमिनाबीबरोबर तिच्या सासरी, वाघोलीला आले.

तिथल्या विहिरीच्या गढूळ पाण्याने अमिनाबीचा थोरला मुलगा हगवण लागून दगावला. पुढे वस्तीत बोअर झाली. पाणी इतके नितळ, की लोक कौतुकाने ओंजळी भरभरून प्यायले. अमिनाबीने मात्र धसकाच घेतला होता. नात मुमताज जन्मली तशी ती रोज मला चुलीवर चढवी आणि पाणी निम्मे होईपर्यंत जागची हलत नसे. पोर जपावी तर अमिनाबीने, असे शेजारणी म्हणत. मलाही मोठा अभिमान वाटे. माझ्या बुडाशी पांढरा थर धरे, तो ती चिंचेने घासून काढी.

मुमताजचे दुधाचे दात पडून नवे आले, ते तपकिरी पट्टे घेऊनच. पोरगी दात घासायचा कंटाळा करते, असे अमिनाबीला वाटले. तिने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत राखुंडी लावली. पट्टे गेले नाहीत. मुमताज मात्र तोंडावर हात धरून हसू लागली.

शाळेत दात तपासायला आलेल्या हेमा डॉक्टर एक दिवस घरी आल्या. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, आधी दात आणि पुढे हाडेही खराब करते, असे त्यांनी समजावले.

"पण मी उकळूनच पाजते हो," अमिनाबी म्हणाली. "एक दिवस चुकली न्हाई."

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं आणि हे मागे उरतं."

अमिनाबी माझ्या बुडावर हात ठेवून बसून राहिली. मला फार वाईट वाटले.

त्या दिवसापासून पिण्याचे पाणी लांबच्या, तपासलेल्या नळावरून येऊ लागले. गुलजार हा धाकटा नातू त्याच पाण्यावर वाढला. त्याचे नवे दात आले तेव्हा अमिनाबीने त्याला उन्हात नेऊन तोंड उघडायला लावले. दात पांढरे होते. मुमताजही वाकून बघत होती. ती हसली, पण हात तोंडावरच होता.

मित्रांनो, नितळ पाण्याला भुलू नका, ते तपासून घ्या. आणि तुमच्या वर्गात कोणी तोंडावर हात धरून हसत असेल, तर तिला दात घासायला सांगण्याआधी तिच्या घरचे पाणी बघा.