मधला थर

नवं राज्य झालं आणि यांच्या ऑफिसनं आम्हाला नागपूरहून रायपूरला आणून टाकलं. शंकर नगरात घर लागतं न लागतं तोच पाहुण्यांची रीघ सुरू झाली. जो येई तो म्हणे, राजधानी पाहायला आलो. पाहायला काय होतं, नव्या पाट्या आणि लाल दिव्याच्या गाड्या! तरी चार दिवस राहून जात. त्यात सून निधीला सातवा महिना लागला होता आणि मला गोधडी शिवायची होती.

बाळाच्या गोधडीत घरच्या बायकांच्या जुन्या, मऊ साड्या घालायच्या, ही आमच्याकडची रीत. मी पाहुण्यांना फोनवरच बजावलं, मिठाई नको, जुनी साडी आणा. आईची आली, भिलाईच्या बहिणीची आली. मग गोंदियाहून माझी मोठी नणंद आली, पद्मिनीताई. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, पुढं शाळेत शिकवत एकट्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून बदामी सुती साडी काढली.

"पंधरा वर्षं नेसली. हे मधात घाल, विनोदिनी. वरून कोणाले दिसणार नाही."

मी हो म्हटलं. हळदीकुंकवाला ताईंना हट्टानं बोलावणारी मीच, त्यावरून जावांशी भांडणारीही मीच. पण नातवंडाची गोष्ट आली आणि माझं सगळं शहाणपण पळालं. विधवेचं वस्त्र पहिल्या बाळाच्या अंगावर! ताई गेल्यावर मी ती साडी कपाटात तळाशी सारली, गोल बाजारातून नवीन मलमल आणली आणि मधल्या थराला ती घातली.

मग टाके सुरू झाले. बहिणीकडे दोन दिवस गेले तर गोधडी बरोबर, डोंगरगडला देवीला गेलो तर गोधडी बरोबर. गाडीत शेजारची बाई विचारी, "का सिलत हव दीदी?" मी कौतुकानं सांगे, कुठली साडी कोणाची. ताईंचंही नाव घेई. खोटं बोलायला मला जड गेलं नाही, याचीच आज जास्त लाज वाटते.

बारशाला ताई आल्या तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. "आण इकडं," म्हणून त्या शिवायला बसल्या. चार टाके झाले आणि हात थांबला.

"माझी मधातच घातली ना वं?"

"हो तर."

"सुई अडून राहिली."

"बोथट असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या कापडाची खळ सुईला कळते आणि सुईचं हाताला. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई ती. पण त्यांनी दोन्ही ओळी नीट पुऱ्या केल्या, दोरा तोडला. नात स्वरदाला पाळण्यात ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, गोधडी तुम्हीच घाला तिच्या अंगावर."

"तूच घाल. माझे हात खरखरीत आहेत."

त्यानंतर त्या यायच्या, पण सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. दर खेपेला मी ठरवायची, आज सांगायचं. चहा देताना ठरवायची, स्टेशनवर ठरवायची. गाडी सुटायची आणि मी रिक्षात बसून घरी यायची. अशी अकरा वर्षं गेली.

ताईंनी अंथरूण धरल्याचा निरोप आला, तेव्हा मी गोधडी, ती साडी आणि कात्री पिशवीत घालून गोंदियाला गेले. ताईंची नुसती हाडं उरली होती. मी गोधडी त्यांच्यासमोर पसरली आणि बोलून टाकलं, सगळं, भराभर.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग काहून नाही बोलल्या, ताई?"

"काय बोलू? पोट्टी पाळण्यात होती. तुले भेव वाटलं. मलेही वाटलंच होतं, आणताना."

मी रडतच कात्री उचलली. "आत्ता उसवते. तुमच्यासमोर घालते."

"राहू दे. त्यातल्या दोन ओळी माझ्या आहेत." त्यांनी साडीवरून हात फिरवला. "हे मले नेसव. गाऊन अंगाले टोचते."

मी आणि शेजारच्या सरिताबाईंनी मिळून त्यांना ती साडी नेसवली. दोन दिवस त्या तीच नेसून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यातच गेल्या आणि त्यातच त्यांना नेलं. ती साडी गोधडीत घालायची सोय उरली नाही.

परवा स्वरदा हॉस्टेलला निघाली. "दादी, वो गोदड़ी दे दो ना, बहुत सॉफ्ट है," म्हणाली. घडी करताना मी ताईंच्या ओळींवरून बोट फिरवलं. आता कुठंच अडत नव्हतं. ती मलमलही इतक्या वर्षांत मऊ झाली होती.