दुसऱ्या फोनवर ‘हो’ दाबा

दादा गेल्यानंतर वहिनीचे कान हळूहळू मिटत गेले. आधी दाराची बेल चुकायला लागली, मग नळ वाहता राहिलेला कळेना, आणि शेवटी समोर बसून बोललेलंही तिला ओठांवरून वाचावं लागायचं. ती स्वतःहून काही करणारी नव्हती. तिची नणंद चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. सगळे तिला बारकी म्हणत. तीच हात धुऊन मागे लागली, वहिनीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, आणि नखाएवढी दोन मशिनं घरात आली. पण ती सुरू करायला टॅबवर एक ॲप हवं होतं, आणि घरातला टॅब काही केल्या ते उतरवून घेत नव्हता.

रविवारी जेवणं झाल्यावर बारकी टॅब मांडीवर घेऊन बसली. टॅब दादाचा. तो जलाशयांची खोली मोजणाऱ्या खात्यात होता आणि नकाशे टॅबवरच बघायचा. दोन वर्षांपूर्वी धुक्यात त्याची बोट उलटली. तो दुसऱ्या दिवशी सापडला, खिशात फोन होता तसाच.

ॲप स्टोअर उघडलं की पांढऱ्या पडद्यावर एक चक्र गरगरायचं आणि मग अक्षरं यायची: ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

“वायफाय तर ठणठणीत आहे!” बारकी ओरडून म्हणाली.

“ओरडू नकोस गं. शेजारच्यांना वाटेल नणंद-भावजयीचं वाजलं.” वहिनी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती.

बारकीने वायफायचा डबा बंद करून पुन्हा सुरू केला. टॅब बंद केला, उघडला. घड्याळ थोडं मागे पडलं होतं. तारीख आणि वेळ आपोआप लागेल असं केलं, कारण वेळ चुकली की स्टोअर दारातूनच हाकलतं हे तिला माहीत होतं. स्टोअरची साठलेली अडगळ पुसली. चक्र गरगरतच राहिलं.

“आता एकच राहिलं. दादाचं खातं काढून पुन्हा घालायचं. पासवर्ड आहे?”

वहिनीने ओठ वाचले आणि लाजल्यासारखी हसली. “माझं माहेरचं नाव. उलटं लिहिलेलं.”

बारकीने खातं काढलं, पुन्हा घातलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर एक मोठा आकडा आला, अडतीस. त्याच्याखाली लिहिलं होतं: ‘तुमच्या दुसऱ्या फोनवर सूचना पाठवली आहे. तिथे ‘हो’ दाबा आणि हा आकडा निवडा.’

बारकीने कपाळाला हात लावला. खातं काढण्याआधी हे सुचायला हवं होतं. दादाच्या नंबरचं सिम तर तिनेच बंद करून आणलं होतं. आता नवं खातं काढावं लागणार, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. ती मागे जायचं बटण दाबणार, तेवढ्यात आकडा नाहीसा झाला.

‘ओळख पटली. स्वागत आहे.’ खाली दादाचं नाव, आणि टोपी घातलेला त्याचा छोटा गोल फोटो.

स्टोअर उघडलं. झरझर चित्रं आली.

“झालं?” वहिनी पुढे सरकली. “बघ, उगाच डोकं धरून बसली होतीस.”

कधीकधी होतं असं, बारकीने स्वतःची समजूत घातली. ओळखीचं घर, ओळखीचा टॅब, म्हणून सोडलं असेल. तिने ॲप उतरवून घेतलं, वहिनीच्या कानात मशिनं बसवली, टॅबशी जोडली. वहिनीचे डोळे एकदम मोठे झाले. पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

“काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“अगंबाई, आवाज केवढा घोगरा झालाय तुझा!”

दोघी हसल्या. हसता हसता वहिनीला रडू आलं, आणि बारकीलाही बरं वाटलं. खरं तर तिथेच टॅब ठेवून द्यायला हवा होता. पण मनातलं कुसळ काही जाईना. तिने खात्याचं पान उघडलं, कुठली कुठली यंत्रं जोडलेली आहेत ते बघितलं. वर टॅब होता. त्याच्याखाली दादाचा फोन, शेजारी हिरवा ठिपका. ‘आत्ता सुरू.’

“वहिनी, दादाचा फोन कुठे आहे?”

“कपाटात. कुठे जाणार?”

“आण जरा.”

वहिनीने शालींच्या घडीखालून पोलिसांनी दिलेली पिशवी काढली. फोन तोच होता. फोटो तरी मिळावेत म्हणून बारकी स्वतः तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली होती. त्याने पाठ उघडून दाखवली तेव्हा आतलं सगळं हिरवं पडलेलं होतं. फुगलेली बॅटरी त्याने तेव्हाच काढून टाकली होती. आता हातात फोन रिकाम्या काडेपेटीसारखा हलका लागत होता.

“कुणीतरी खात्यात घुसलंय,” ती म्हणाली. “पासवर्ड बदलते.”

पासवर्ड बदलायलाही परवानगी लागत होती. पुन्हा आकडा आला. या वेळी बारकीने मेलेला फोन दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावरून नजर हलू दिली नाही. काळी काच काळीच राहिली. तिच्यात खिडकी दिसत होती आणि दोघींची वाकलेली डोकी.

“हो म्हणाले,” वहिनी टॅबकडे बघत हळूच म्हणाली.

हिरव्या ठिपक्याखाली एक बटण होतं, ‘फोन वाजवा’. हरवलेला फोन गादीखाली सापडावा म्हणून असतं ते. चोर असेल तर दचकेल तरी, असं म्हणून बारकीने ते दाबलं.

खोलीत काहीच वाजलं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, पंखा फिरत होता. जमिनीवरचा फोन जसाच्या तसा पडून होता.

वहिनीने मान वळवली. आधी दाराकडे, मग पुन्हा बारकीकडे.

“तुला ऐकू येत नाही?”

“काय?”

“जिन्यात वाजतोय.”

“मशीन शिट्टी घालत असेल. नवीन असताना होतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.”

“शिट्टी नाही. घंटी आहे. कंपनीतून आली तशीच ठेवली होती ह्यांनी. किती वेळा म्हटलं, एखादं गाणं लावा.” वहिनी उठायला लागली. “दाराशी आलंय बघ.”

बारकीने तिचा हात धरला. तो थंडगार होता की आपलाच, हे तिला कळेना. “वहिनी, दार उघडू नकोस.”

“का गं? तुझा भाऊच ना तो?”

दादाच्या खांद्यावर बसून बारकी पोहायला शिकली होती. त्याला आणलं त्या दिवशी ती ढसाढसा रडली होती. आज तोच दाराबाहेर उभा असेल, तर तिच्या जिवाचं पाणी का व्हावं? पण ते झालं होतं. तिने एका हाताने वहिनीला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने बटण पुन्हा दाबलं. वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं की घंटी थांबली.

मग बारकीने घाईघाईने त्या फोनच्या नावावर बोट ठेवलं आणि ‘हे यंत्र काढून टाका’ दाबलं. आकडा आला. दोघी बघत राहिल्या. या वेळी उत्तराला उशीर लागला, जसा माणूस विचार करताना लावतो.

‘विनंती नाकारली.’

बारकी टॅबपासून मागे सरकली. वहिनी मात्र खुदकन हसली.

“त्यांचं ‘नाही’ असंच असायचं. आधी गप्प बसायचे, मग एकच शब्द.”

“मी टॅब घेऊन जाते वहिनी. दुकानाच्या बाजूला एक जण आहे, तो सगळं कोरं करून देईल.”

“ठेव तो इथे,” वहिनी म्हणाली. तिने टॅब मांडीवर घेतला आणि त्याच्यावर पदर ओढला. आवाज चढला नव्हता, पण बारकीने पुढे केलेला हात मागे घेतला.

त्या आठवड्यात बारकीचं कशातच लक्ष लागलं नाही. दुकानात एका आजोबांच्या चष्म्यात उजवीच्या जागी डावी काच बसवली आणि बोलणी खाल्ली. रोज संध्याकाळी वहिनीला तिच्या साध्या बटणवाल्या फोनवर फोन करायची. वहिनी लगेच उचलायची, मजेत बोलायची, आणि मध्येच थांबायची. त्या थांबण्यात ती कुणाचं ऐकते आहे, हे विचारायचं बारकीला धाडस झालं नाही.

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी खिडकीशी बसली होती. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. टॅब समोर.

“माझं स्वतःचं खातं काढून दे,” ती म्हणाली. “माझ्या नावाचं.”

“आणि दादाचं?”

वहिनीने टॅब पुढे केला. यादीत फक्त टॅब होता. खाली काही नव्हतं.

“मीच काढलं. रोज विचारत होते मी, फोन काढू का. रोज हे नाही म्हणायचे. रोज वाजवायचे मी, रोज दाराशी येऊन वाजायचं. दार उघडलं की जिना रिकामा, आणि आवाज मात्र समोर, हाताच्या अंतरावर.” तिने हात पुढे करून दाखवला. “त्याला वास होता गं बारके. ओल्या दोरीचा. काल मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, अहो, तुम्ही थंडीत असे उभे राहता, मला झोप लागत नाही. आता जा. मी बघेन माझं. मग आत येऊन ‘काढून टाका’ दाबलं.”

“मग?”

“बराच वेळ काहीच नाही. मग ‘हो’ आलं. आणि घंटी आपली आपण वाजायला लागली, मी न वाजवता. आधी दारात, मग खालच्या वळणावर, मग रस्त्यावर. मी कानातली मशिनं हाताने दाबून धरली होती. नाक्यापर्यंत ऐकू आली.”

तिने पदराने डोळे टिपले. बारकीने तिच्या नावाचं खातं काढलं. पासवर्ड वहिनीने एकटीने टाकला आणि बारकीला तोंड फिरवायला लावलं. स्टोअर पहिल्याच फटक्यात उघडलं. चक्र नाही, आकडा नाही. वहिनीने लगेच विणकामाचे नमुने दाखवणारं एक ॲप उतरवून घेतलं आणि त्यातला मोजा बघून नाक मुरडलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. “सावकाश उतर,” ती वरून म्हणाली.

बारकी एरवी हा जिना धडधडत उतरायची. त्या दिवशी तिने कठडा धरला. खालच्या वळणावर आली तेव्हा, जिना रिकामा असूनही, वर येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी, ती आपसूक अंग चोरून भिंतीला लागली आणि क्षणभर तशीच उभी राहिली.